कानोसा

मुफुलिराच्या खाणीच्या फाटकाबाहेर
दर मार्चला आमची पांढरी व्हॅन उभी राहते.
आत एक पेटी, माणूस बसेल एवढी,
आतून फोम, दाराला रबराची पट्टी, पुढे काच.
मी काचेच्या या बाजूला.
सांगते : हेडफोन लावा, आवाज आला की बटण दाबा.
यात पास-नापास नसतं.
(हे खोटं आहे, आणि ते त्यांना माहीत आहे.)

कलाबा ड्रिलवाला. एकोणतीस वर्षं जमिनीखाली.
इस्त्रीचा शर्ट घालून आलेला,
जणू कुणाच्या लग्नाची बोलणी करायला.

पहिला सूर. दाबलं.
दुसरा, बारीक. दाबलं.
चार हजारावर, जिथे ड्रिलवाल्यांचे कान आधी जातात,
तिथेही दाबलं, चटकन, तरण्या पोरासारखं.
मी सुखावले.
मग लक्षात आलं, तो काचेतून
माझ्या हाताकडे बघतोय.
सूर सोडताना माझा अंगठा हलतो.
अकरा वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

दार उघडलं, त्याची खुर्ची भिंतीकडे वळवली.
मी काही बोलले नाही. तोही नाही.

सूर सोडला.
पाठ तशीच.
वाढवला. पाठ तशीच,
दोन्ही खांद्यांवर इस्त्रीची कडक घडी.
अजून वाढवला, काटा लालवर जाईपर्यंत.

मग मी काहीच सोडलं नाही.
हात मांडीवर ठेवून बसले.
तेव्हा त्याने बटण दाबलं.
पुन्हा दाबलं.
दाबतच राहिला,
डोक्यात रात्रंदिवस जे वाजतं
त्याला ओ देत.

कागदावरची रेषा पिंजऱ्यासारखी थेट खाली उतरली.
'बोळे का नाही घातले कानात?'
ओरडूनच विचारावं लागलं,
फाटकावरचा पहारेकरी वळून बघू लागला.

'बाई, दगड पडण्याआधी बोलतो.
भुईमुगाची शेंग फुटावी तसा, एकदाच.
ते ऐकलं तर दोन पावलं मिळतात.
बोळे घातले की ती दोन पावलं गेली.'

'आणि आता? येतं ऐकू?'

तो हसला. 'आता चितालु ऐकतो. माझा हेल्पर.
तो माझा शर्ट ओढतो.'

कानठळ्या बसल्या, असं आपण सहज म्हणतो,
पाहुण्यासारख्या येतील, बसतील, उठून जातील.
काही उठत नाहीत.
पोरांची नावं आधी नेतात, मग पाखरं,
मग बायकोने दुसऱ्या खोलीतून मारलेली हाक;
घरचे म्हणतात, म्हातारा तिरसट झाला.

माझ्या फॉर्मवर दोनच चौकटी :
बोळे दिले, होय. बोळे दिले, नाही.
मी समासात लिहिलं,
ड्रिलला मफलर बसवा. पाळ्या तोडून द्या.
छताला बोल्ट मारा, जाळी लावा,
म्हणजे दगडाचं बोलणं ऐकायला
कुणाचे कान उघडे ठेवावे लागणार नाहीत.
समास संपला. मागच्या वर्षीही
इथेच संपला होता.

'पुढचा.'
चितालु आत आला. बावीस वर्षांचा.
खिशात पिवळे बोळे, पाकीट न फोडलेलं.
पेटीत बसला आणि आधी काचेतून बघितलं
माझ्या हाताकडे.

म्हाताऱ्याने शिकवलं होतं तर.

मी खुर्ची वळवली नाही.
अंगठा चितेंगेच्या घडीखाली सरकवला,
सूर सोडला,
आणि वाट बघत बसले.