काठ

वडगावात पाणी उतरलं ते शुक्रवारी.
आधी गल्लीतलं, मग सोप्यातलं,
मागाच्या खड्ड्यातलं मात्र बसूनच राहिलं,
ह्यांच्या जागेवर, पाय सोडून.

डब्यानं उपसलं. एकशे चाळीस डबे मोजले,
पुढं मोजणं सोडलं.
तळाला दोन कांड्या, एक बेडूक
आणि रुद्राक्काच्या पोराची चप्पल, डाव्या पायाची.

मागावरच्या अर्ध्या साडीचा ताणा भिजला,
लाल रंग सुटला, पाण्यावर पसरला,
आणि पाणी जिथवर येऊन थांबलं तिथं
चारी भिंतींना बोटभर लाल रेघ.
पंचनाम्याचे साहेब म्हणाले, एष्टु?
मी कमरेला हात लावून दाखवला.
त्यांनी टेप धरली, कानडीत आकडा लिहिला,
खाली मी मराठीत सही केली.
कागद इतका दमट, की पेन दोनदा अडलं.

भरमा गवंडी म्हणाला, वैनी, रंगाची घाई नको.
आत पाणी हाय अजून. आत्ताच रंग मारलासा
तर दिवाळीला पापुद्रा हातात येतोय बघा.
त्यानं रेघेपर्यंत गिलावा फोडला, विटा उघड्या केल्या,
आणि दुधाच्या पिशवीचा एक तुकडा
कडांना एमसील थापून विटांवर बसवून गेला.
"सकाळी बघा. आतनं थेंब दिसले तर थांबा."

थेंब दिसले.
श्रावण संपला, थेंब.
गणपती रुद्राक्काकडं बसला,
आमच्यात नुसता पाट पुसून ठेवला. थेंब.
एक दिवस ऊन, तीन दिवस झड.
कपाटात साठचा बल्ब जळतोय,
पंखा रात्रंदिवस भिंतीकडं तोंड करून
आणि आम्ही घामाघूम.
लाइटचं बिल आलं,
ते वाचून हे पुरानंतर पहिल्यांदा हसले.

विटांवर लोणा फुलला, पांढरा, भुसभुशीत.
झाडूनं झाडायचा, चार दिवसांत परत.
घरात कुणी नसताना एकदा जिभेला लावून बघितला.
खारटच होता. काय वेगळं वाटलं होतं कोण जाणे.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पिशवी कोरडी.
मी नखानं टिचकी मारून बघितली, दोनदा.
हे खड्ड्यात उतरले, काही न करता बसून वर आले.
म्हणाले, पाय गार पडत्यात अजून.

भरमा गिलावा करून गेला.
कपाटामागची वीतभर भिंत तेवढी
मी त्याला फोडू दिली नव्हती.
साडी गेली, सुताचे पैसे व्यापाऱ्यानं कापले,
काठ आहे.