चालेल

ब्रॉड स्ट्रीट, प्रॉव्हिडन्स. दवाखान्याचा दुसरा मजला.
माझ्या खोलीत दोन खुर्च्या, टिश्यूची पेटी,
मनात आलं तर चालणारा एक हीटर
आणि चौदा पानांचा फॉर्म.

प्रश्न सातवा. जेल वापरताना कसं वाटलं?
एक म्हणजे अजिबात आवडलं नाही,
पाच म्हणजे खूपच.

अर्नेटा कोट काढत नाही.
थंड, म्हणते. बाई गं, किती ते थंड.
जानेवारीत मी आधी ती नळी काखेत धरून बसते
बातम्या संपेपर्यंत.
याचा किती आकडा?
मी तीन लिहिते.
काखेला रकाना नाही.

इल्डा दागिन्यांच्या कारखान्यात
रात्रभर कानातल्यांना आकडे लावते.
गळतं, ती म्हणते. बसमध्ये उभं राहिलं की कळतं.
प्रश्न अकरावा: जोडीदाराला सांगितलंत?
ती हसते. त्याला वाटलं, मी त्याच्यावर खूश आहे.
मग ते हसू तसंच तोंडावर ठेवून:
रबराचं नाव काढलं की विचारतो, कुणाकडे जातेस.
ही नळी काही विचारत नाही.

(आम्ही दर भेटीत सांगतो,
यावर विसंबू नका, रबर वापराच.
त्या दर भेटीत मान हलवतात.)

रविवारी आईचा फोन. कसली गं नोकरी?
औषधांची.
कसलं औषध?
बायकांचं.
पलीकडे नुसती खरखर.
आमच्या घरी त्या जागेला नाव नव्हतं,
पत्ता होता फक्त: खाली.
खाली दुखतंय का, खालचं नीट धू.
संस्कृतातला शब्द पुस्तकात, दुसरा शिवीत,
मधे बोलायला काहीच नाही.
मला तो शब्द पहिल्यांदा मोठ्यानं म्हणता आला
तो इथं, परक्या भाषेत, पगार घेऊन.

फॉर्म स्पॅनिशमध्ये आहे, पोर्तुगीजमध्ये आहे.
मराठीत कुणी मागितलेला नाही.
रिकाम्या दुपारी पाठकोऱ्या कागदावर मी करून बघते.
स्वीकारार्हता. घशात काटा अडकावा तसा शब्द.
पसंती? ती मला ठाऊक आहे.
खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं,
आठ दिवसांनी निरोप आला: मुलगी पसंत आहे.
दिवाणावरच्या कुणी मला
एक ते पाच विचारलं नव्हतं.
विचारलं असतं तर म्हणाले असते, चालेल.
आवडेल आणि सोसेन यांच्या मधोमध
एवढा रुंद शब्द दुसरीकडे कुठं नसेल.
त्यालाही रकाना नाही.

मिलाग्रोसनं तिसच्या तीस नळ्या परत आणल्या.
वापरल्या, म्हणाली.
आमच्याकडे निळा रंग असतो,
वापरलेल्या नळीवर तो चढतो, न वापरलेलीवर नाही.
एकीवरही चढला नाही.
मी काही बोलले नाही, तिनंच बघितलं ट्रेकडे.
जेल वाईट नाही गं.
दोन खोल्या, सासू, तीन पोरं,
आणि संडासाच्या दाराला कडी नाही.
अकरा डॉलरची कडी, घरमालक लावत नाही.
इतर सूचना, ओळी दोन.
मी लिहिलं: कडी.
वरून फोन आला, हा शब्द चुकून पडलाय का?
म्हटलं, नाही.

मार्चमध्ये अभ्यास संपला.
अर्ध्या बायकांच्या नळ्यांत औषध होतं, अर्ध्यांच्या नुसती जेल,
कुणाच्या कुठली ते मला माहीत नाही,
डॉक्टरांनाही नाही, लिफाफा दुसऱ्या गावात बंद.
अर्नेटानं विचारलं, दुकानात कधी मिळेल?
म्हटलं, वर्षं लागतात. कदाचित मिळणारही नाही.
हं, म्हणाली. मग मी इतके दिवस काय उबवत होते?

उरलेल्या नळ्यांची पिशवी तिनं टेबलावर ठेवली.
एक ठेवून घेऊ का?
नियमात बसत नाही, मी म्हटलं.
ती कोटाची बटणं लावत राहिली, सावकाश, खालून वर.
पिशवीत नऊ हव्या होत्या.
मी आठ मोजल्या, दोनदा,
आणि नऊ लिहून सही केली.