पट्टी

विश्रामबागेतल्या दवाखान्यात पायल उपाध्येनं
डाव्या दंडाला पट्टा बांधला,
नळी मानेमागून फिरवून यंत्र कमरेला अडकवलं
आणि त्याच्या काचेवर
पांढरी चिकटपट्टी लावून टाकली.
"आकडा बघायचा नाही काका. बघितला की वाढतो."

तीस वर्षं मी आकडेच बघत आलोय.
आयर्विन पुलाच्या खांबावरची पट्टी,
पावसाळ्यात तासातासाला, फूट आणि इंच,
मग फोन : अडतीस दोन. अडतीस पाच.
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.
लोक माझ्या तोंडाकडं बघायचे,
मी पाण्याकडं.

आता फेब्रुवारी. नदी तळाला लागलीय,
पट्टीच्या खालच्या आकड्यांवर शेवाळ सुकलंय,
वाचण्यासारखं काही नाही
आणि बांधून ठेवलंय मला.

दर अर्ध्या तासाला कमरेशी घुर्र होतं.
पट्टा फुगतो, दंड आवळत जातो, बोटांत मुंग्या,
आणि मी मारुती रोडवर
पिशवीसकट जागच्या जागी उभा.
हात सैल सोडायचा, बोलायचं नाही.
"सुट्टे हैत का ओ?" मेथीवाली विचारते.
मी बोलत नाही.
"ऐकू येत न्हाई वाटतं," ती शेजारणीला सांगते.

कधी काय करत होतो ते वहीत लिहायचं :
साडेदहा. जिना चढलो.
अकरा. बसलो होतो.
साडेअकरा. यंत्र वाजायची वाट बघत होतो.
बारा. वरीलप्रमाणे.

एकला जेवताना वाजलं.
घास हातातच थांबवला
आणि समोर दादांचा हात आला,
भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून
पुढं न गेलेला.
तेव्हा ते चोपन्नचे. मी श्रावणात होईन.
वहीत लिहिलं : जेवण.

तीनला राहवलं नाही.
नखानं चिकटपट्टीचा कोपरा उचलला.
एक दिसला. त्यापुढं चार,
किंवा सात, अर्धाच.
"गप बसा की," मालन आतून म्हणाली,
"नदी कधी बगायला आलती व्हय
आपण किती चढलोय ते?"
कोपरा दाबून बसवला. नीट बसला नाही.
मग संध्याकाळपर्यंत चार की सात,
सात की चार.

सहाला पुलावर गेलो. सवयीनं.
कठड्याला टेकून खाली बघितलं.
मी बघतोय म्हणून हे पाणी कधी चढलं नाही.
फोनवर आकडा सांगताना आवाज कापायचा
तो माझा. पाण्याला त्यातलं काही नव्हतं.
पण आज पाणीही मीच, खांबही मीच,
आणि वाचायला मनाई असलेला
तोही मीच.

तेव्हा घुर्र झालं.
पुराच्या रात्री एक करायचो मी :
सगळ्या नदीकडं बघायचं नाही.
घाटाची एक पायरी धरायची.
ती भिजेपर्यंत तीच.
आता कठड्यावर एक मुंगळा होता.
पट्टा आवळला, मुंगळा एका भेगेशी थांबला,
मिशा हलवल्या, वळसा घातला.
पट्टा सुटला.
सहा. मुंगळा, असं लिहून
खोडलं, मग परत लिहिलं.

रात्री तासाला एकदा.
अकरा. जागा.
बारा. जागा. मालननं पट्ट्यावर हात ठेवला,
"फुगला की मला कळतंय. झोपा तुमी."
एक. तिचाच हात. जड.

सकाळी पायलनं पट्टा सोडवला.
दंडावर लाल वळ, पूर ओसरल्यावर
भिंतीवर राहतो तसा.
"दोन ते पाच कोरंच आहे काका?"
झोप लागली होती, मी म्हणालो,
थोडा शरमून, पकडल्यासारखा.
इतक्या वर्षांत रात्रपाळीला पहिल्यांदाच झोपलो
आणि नोंदी मात्र झाल्या होत्या.

"रिपोर्ट सोमवारी," ती म्हणाली.
यंत्र तिच्या टेबलावर.
चिकटपट्टीचा कोपरा अजून सुटलेला.
मी चपला शोधायला वाकलो.