दोन वाडगे

अर्धा चेंडू करणं सोपं.
वाडग्याला आतून तूप चोपडायचं, मैदा भुरभुरवायचा,
घोळ ओतायचा पाऊण भरून,
कुकरची शिट्टी काढून, तळाला मीठ पसरून
चाळीस मिनिटं विसरायचं.

दुसऱ्या अर्ध्याला वाडगा नव्हता.
जुबेदाभाभीने दिला, गडग्यावरून,
शिरखुर्म्याचा, तळाशी टिंबाटिंबांनी कोरलेला:
ज. म. १९८८.
दिसायला माझ्यासारखाच. निघाला बोटभर खोल.

दुपारी लाईट गेली.
देवगडच्या बर्फाच्या कारखान्यात एकोणीस वर्षं काढलेला माणूस मी,
लाईट गेली म्हणून क्रीम वितळू देतोय होय!
लादी फोडली, परात ठेवली तिच्यावर,
हाताने फेटत बसलो, खांदा भरून येईतो.
बांगडा निजतो त्या थंडीत
त्या दिवशी साखर निजली.

मग जोडणी.
मध्ये आंब्याचा मुरांबा, वर दुसरा अर्धा.
भाभीचा अर्धा सगळीकडून बाहेर डोकावत होता,
त्यावर नाव उमटलेलं, पुसट, उलटं.
सुरीने कड तासली. चुरा मीच खाल्ला.
क्रीम लिंपलं, काडीने पट्टे ओढले,
तरी मधली रेघ काही बुजेना.

आणि गोल वस्तूला घरात जागा नसते, हे तेव्हा कळलं.
ताटात ठेवला तर निघाला
हळूच, खिडकीकडे, बंदराच्या दिशेने.
शेवटी पंचाची चुंबळ केली,
आई माशाच्या पाटीखाली करायची तशी.
बसला. जरा कलून, पण बसला.

चारला कणकवलीहून फोन.
शेवटचा सेट, पंधरा-तेरा.
तेरा आमचे.
'अभिनंदन' लिहायचा कोन भरून तयार होता,
टोक तेवढं कापायचं राहिलेलं.

साडेसातच्या एस.टी.ने भैरवी आली,
बुटांत तांबडी माती, गुडघ्याला सोललेलं.
केककडे बघत उभी राहिली.
मला वाटलं रडेल. मी उगाच
बशा पुसत राहिलो, पुसलेल्याच.

"मामा, भायर जातलो म्हणान सोडलंय मी बॉल.
रेघेर पडलो."

काय बोलणार?
कारखान्यात लादी तडकली तर आम्ही ती कुटून विकतो,
हे काही सांगण्यासारखं नव्हतं.

तिने बोट फिरवलं जोडावरून,
पूर्ण एक फेरी,
बोट चाटलं.
सुरी घेतली आणि रेघेवरच आडवी घातली.
दोन अर्धे पुन्हा सुटे झाले,
मुरांबा चुंबळीवर ओघळला.

"ह्यो ल्हान भाभीक दी.
मोठो आमका.
वाडगो तेंचो आसलो म्हणान काय झाला."

गडग्यापलीकडून भाभी हसली.
ऐकतच उभी होती ती, केव्हापासून.