सातवा टेक

रविवारी दुपारी टीव्हीवर पुन्हा तोच जुना सिनेमा.
मी इस्त्री बंद करते, उभीच राहते.
तासाभराने एक पाठ दिसेल,
पट्ट्यापट्ट्यांच्या रेशमी सदऱ्यातली, अकरा सेकंद.
ती माझ्या बापाची.

छत्तीस साली मिडलहॅमच्या माळावर
लंडनहून तीन लॉऱ्या भरून माणसं आली.
नायिकेच्या टोप्यांना वेगळी गाडी.
कथा कुणालाही सांगता येईल अशी:
कर्जात बुडालेला उमराव, गहाण पडलेली हवेली,
आणि शेवटच्या शर्यतीत सगळं सोडवणारा काळा घोडा.
काळा भाड्याचा होता. दिसायला राजबिंडा,
पण चढ लागला की भात्यासारखा वाजायचा.

दुसरं यायला त्यांना कुणीतरी हवं होतं.
एनॉक थ्वेट, मोतद्दार, म्हणाला, आमची ब्रॅकन आहे.
दिवसाचा एक पौंड, दुपारचं जेवण त्यांचं.

पहिल्या टेकला ब्रॅकन जिंकली.
दुसऱ्याला जिंकली, दोन लांबींनी.
दिग्दर्शक भोंग्यातून ओरडले, थ्वेट, तुम्हाला हरायचंय!
बापाने टोपी काढली.
मला ठाऊक आहे साहेब. तिला नाही.

तिसऱ्याला काळ्याला पन्नास यार्ड पुढे उभं केलं.
चौथ्याला शंभर.
तिने कान मागे पाडले आणि त्याला गाठलं,
वाटेत एक मेंढी सोडवावी तितक्या सहज.
पाचव्याला खोगिराखाली शिसं.
सहाव्यात कॅमेऱ्यातली फिल्म संपली.
ऊन पेन हिलमागे सरकत होतं आणि
हिशेबनीस सारखा घड्याळ बघत होता.

सातव्यात त्याने लगाम खेचला.

आमच्या घरात त्या गोष्टीचं नावसुद्धा घेत नसत.
आजोबांनी त्यापायी एका जॉकीला
भरल्या ताटावरून उठवून गारपिटीत काढलं होतं.

झकास, कुणीतरी म्हणालं. आणि सगळे चहाकडे वळले.

रिचमंडच्या थिएटरात सिनेमा लागला तेव्हा
आईने नवा कोट घातला.
तो प्रसंग आला आणि बाप वाकून बुटाची नाडी बांधू लागला.
आई सांगायची, नाडी आधीच बांधलेली होती.
पौंडाचं काय केलं, म्हणून मी एकदा विचारलं.
कडियाळं घेतलं, म्हणाला. जिभेला न लागणारं.
मग बराच वेळ खरारा चालला होता,
घोडी केव्हाच चकचकीत झाली होती तरी.

आता बघा. वळण. गर्दी. उमरावाची दुर्बीण.
पडद्यावर ती करडी दिसते. ती तांबूस होती,
ऑक्टोबरातल्या वाळल्या नेच्याच्या रंगाची, नावही त्यावरूनच.
काळा पुढे जातो, लोक टोप्या उडवतात,
आणि चौकटीच्या अगदी कडेला,
जिकडे कुणीच बघत नसतं,
ती तोंड उघडते, मान मुरडते
आणि पाठीवरच्या माणसाकडे बघते.

एवढंच. मग चुंबन, मग वाजंत्री.
मी प्लग लावते.
उरलेल्या सदऱ्याची कॉलर अजून ओलसर आहे.