चौथा रकाना

डेनीस ऑक्सटबीबाई हाउसिंग ऑफिसातून आल्या,
बूट पायपुसण्यावर नीट पुसून,
आणि टेबलावर तक्ता ठेवला:
तारीख. वेळ. काय घडलं. तुमच्यावर काय परिणाम झाला.
चौदा दिवस लिहा, म्हणाल्या,
लिहिलेलं नसेल तर घडलेलं नसतं.

मी कॅरॅव्हॅनच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
लोकांच्या सुटीची घरं जोडतो,
खिडकीला रबर, सिंकखाली नळी,
आणि पहाटे हंबर खाडीचा वारा तोंडावर घेत
सायकल दामटत भाड्याच्या घरी येतो.
हलमधल्या या ओळीतलं शेवटचं घर,
बाजूची भिंत उघडी,
गोलपोस्टाइतकी रुंद.

सोमवार, दुपारी एक वाजून दहा. शाळांना सुटी.
काय घडलं: भिंतीवर चेंडू.
पुढे लिहायला मला येणारा शब्द एकच, नॉइज.
आत मात्र धप्प होतं, थाड होतं,
शेजारच्या जिन्यावरची दुडदुड होती,
मागच्या बोळातलं नऊनंतरचं खिदळणं,
लाथेनं लवंडलेल्या डब्याची गडगड,
एवढा ऐवज
आणि रकाना बोटभर.

बुधवार. दारावर अंडं.
गुरुवार. निळा डबा जळाला,
मेणासारखा वितळून फुटपाथवर बसला.
कियनला पळताना पाहिलं, असं लिहिलं.
मग खोडलं.
पाहिली होती एक हुडी, तीही पाठमोरी.
तशा हुड्या या रस्त्यावर अकरा.

चौथ्या रकान्यात: झोप नाही.
हे खरंच, पण सगळं नाही.
चेंडू थांबला की मी डोळे उघडे ठेवून
पुढच्या धप्पची वाट बघतो,
पडद्याच्या फटीतून
तेरा वर्षांच्या पोरावर पाळत ठेवतो,
हे कुठल्या रकान्यात?
इचलकरंजीला आम्हीही बोंद्रे मास्तरांच्या पत्र्यावर
भर दुपारी खडे मारायचो, ते लवंडले की.
मास्तरांकडे तक्ता नव्हता.
चप्पल होती.

पंधराव्या दिवशी बाई आल्या.
माझे कागद घेतले, आणि पिशवीतून
दुसरा गठ्ठा काढला.
लियान स्टॅथर्सची परवानगी आहे, म्हणाल्या,
वाचून दाखवते.

पहाटे पाच चाळीस. भिंतीतून ड्रिल. रोज.
ड्रिल? मी म्हटलं,
माझ्याकडे साधा स्क्रूड्रायव्हरही कारखान्याचा.
मग हळूच ओट्याकडे नजर गेली.
मिक्सर.
सुकं खोबरं, लसूण, बेडगी मिरची,
कामावरून आल्यावर, झोपण्याआधी,
कारण तेवढीच माझी संध्याकाळ.
पाच चाळीसला. बाळ उठलं. रोज.
तिच्या चौथ्या रकान्यात:
रडू आलं. बाळाला नव्हे, मला.

गठ्ठे जाड झाले की कोर्ट,
ऑक्सटबीबाई चहा न पिता सांगत होत्या,
कोर्टानंतर नोटीस,
आणि नोटिशीनंतर तीन मुलं घेऊन ती कुठे जाईल
ते या तक्त्यात येत नाही.
माझ्या पेनाचं टोपण
मी तीनदा लावलं, काढलं.

आता कागद एकच, सह्या दोन.
बारा ते चार चेंडू नाही.
सकाळी आठच्या आत मिक्सर नाही.
कियनची सही अर्धी ओळ खाते,
के तर खिडकीएवढा.

एक वाजून दहा. जाग येतेच.
खाली कठड्यावर पोरगा बसलेला,
चेंडू मांडीत, नजर फोनवर,
मिनिटं मोजतोय.
मीही उठतो, खोबरं किसून ठेवतो,
मिक्सरखाली टॉवेलची घडी घालतो.
चारला दोघं एकदमच सुरू होतो.

डबा कुणी जाळला
ते अजून कुणाच्याच कागदावर नाही.
आणि काल पुन्हा अंडं, या वेळी मागच्या दाराला.
एक कोरा तक्ता उरलाय फ्रिजवर.
त्याच्याकडे बघत
मी व्हिनेगर शोधत होतो.