शुद्धिपत्र

कळवण्यास आनंद होतो की
माझी अकरावी रहस्यकादंबरी
येत्या मार्गशीर्षात, छापखान्याचा शब्द खरा ठरला तर,
बाजारात येते आहे.
मुखपृष्ठावर एक बाई सुरा घेऊन उभी आहे.
कादंबरीत सुरा नाही. बाईही नाही.
बेळगावचे प्रकाशक म्हणतात, सुऱ्याशिवाय उठाव नाही.

सवलत: तीन पुस्तकं घेणाऱ्यास
खाज्यांची एक पुडी फुकट.
खाजे माझ्या भाच्याचे. जत्रेत माझं मेज
त्याच्या दुकानाला चिकटूनच असेल,
एकाच बल्बखाली त्याची परात
आणि ओळीने मांडलेले माझे दहा खून.
चाळा हवे तेवढे. आल्या-गुळाची बोटं मात्र
आधी पुसा.

आणि रविवारी फोंड्याला रहस्यकथा संमेलन.
माझा परिसंवाद दुपारी अडीचला,
म्हणजे जेवणानंतर,
म्हणजे सोलकढी पिऊन पेंगणाऱ्या चाळीस खुर्च्यांसमोर.
विषय: खुनी कोण, हे वाचकाला कधी सांगावं?
शेवटून दुसऱ्या पानावर, असं मी
वीस वर्षं सांगत आले.
यंदा काय सांगू, ठरलेलं नाही.

कारण गेल्या संमेलनात
सगळे चहाकडे गेल्यावर एक गृहस्थ थांबले.
जयवंत चोडणकर. सव्वीस वर्षं फेरीबोटीवर.
हातात माझं चौथं पुस्तक, कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेलं.
मी पेन उघडलं.
सही नको, म्हणाले.

बाये, तुमचा तो आचारी, पुतू.
त्याची पायताणं ओली सापडली, म्हणून धरला.
तुमचा इन्स्पेक्टर म्हणतो, खून करून
पहाटेच्या पहिल्या फेरीने हा अलीकडे आला.
पण रात्र तुम्ही अवसेची लिहिली.
अवसेच्या पहाटे पाणी धक्का सोडून खाली जातं.
उतरणारा माणूस चिखल घेऊन येतो,
घोट्यापर्यंत, काळा, दोन दिवस निघत नाही असा.
तुमच्या एकशे बारा पानावर
चिखल कुठे आहे?
मी दोनदा वाचलं. नुसतं पाणी.

मग ते पाणी कुठलं, मी विचारलं,
जसं काही पुस्तक त्यांनी लिहिलं होतं.
बावडीचं, म्हणाले. आचारी तो. सकाळी पाणी काढणार नाही तर काय?
मग पुस्तक पिशवीत घालता घालता:
चौदा वर्षं झाली हो त्याला आत.

खरं सांगते, मला पुतू आठवेना.
तेव्हा पानं संपत आली होती,
छापखाना रोज माणूस पाठवत होता,
आणि स्वयंपाकघरात तो एकटाच होता.
मी त्याला आडनावसुद्धा दिलं नव्हतं.
इन्स्पेक्टरला मात्र पुढच्या सहा पुस्तकांत
दोनदा बढती, एक पदक,
आणि म्हापशाला दोन खोल्यांचा फ्लॅट.

तर अकराव्या पुस्तकात बदल झाला आहे.
निवृत्त इन्स्पेक्टर, गुडघे दुखणारा,
तुरुंगाच्या फाटकाशी एका माणसाची वाट पाहतो.
कपड्यांची पिशवी घेऊन तो माणूस बाहेर येतो
आणि याला ओळखत नाही.
एवढंच. मग ते दोघे बस पकडतात.

प्रकाशकांचा फोन आला. खरा खुनी कोण मग?
मी म्हटलं, माहीत नाही.
ते बराच वेळ गप्प होते.
मग म्हणाले, सुरा तरी राहू दे.

खात्री करायला मी गेल्या अवसेला
पहाटे फेरी धरली. रायबंदरला उतरले.
रविवारी मेजापाशी याल
तेव्हा वाकून माझ्या चपला बघा.
मुद्दाम धुतलेल्या नाहीत.